मूठभर सभासद आणि लाखोंचे संप – फ्रान्समधल्या युनियनचं कोडं

धोटेवाला | ३० एप्रिल, संध्याकाळी ६:१०

उद्या १ मे. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, इथे फ्रान्समध्ये कामगारांचा दिवस. बरेच दिवस डोक्यात असलेला धागा आज काढून टाकतो.

मी मूळचा इचलकरंजीचा. आजोबा खर्चीवाले. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: माग आपले, शेड आपली, लाइटबिल आपलं. सूत मात्र व्यापाऱ्याचं, विणून झालेलं कापडही त्याचंच. आपल्या पदरात पडते ती पिकामागे (पीक म्हणजे कापडातला आडवा धागा) ठरलेली मजुरी. बाजार पडला की व्यापारी मजुरी पाडतो. चार मागांचा मालक म्हणून मिरवणारा माणूस तेव्हा कामगाराहून बिकट अवस्थेत असतो.

गेली सहा वर्षं ल्योंमध्ये आहे. नोकरी सॉफ्टवेअरची, घर क्र्वा-रूस नावाच्या टेकडीवर. घर लहानसंच, पण छत चार मीटर उंच. मला वाटलं जुन्या लोकांची हौस. घरमालकीणबाईंनी सांगितलं, हौस कसली, इथे जाकार माग (नक्षीदार कापड विणणारे) उभे राहायचे, त्यांच्या वरच्या डोलाऱ्याला तेवढी उंची लागायची. मी उडालोच. सात हजार किलोमीटरवर येऊन राहिलो तो मागाच्याच शेडमध्ये!

मग वाचत गेलो. १८३० च्या आसपास इथे रेशीम विणणारे सुमारे आठ हजार मागवाले होते, त्यांना इथे कान्यू म्हणतात. त्यांच्या हाताखाली तीसेक हजार कारागीर. आणि वर व्यापारी, ज्यांना ‘फाब्रिकां’, म्हणजे उत्पादक, म्हणायचे. विणायचा एक आणि उत्पादक म्हणवायचा दुसरा. रेशीम व्यापाऱ्याचं, माग विणकराचा, मजुरी लांबीवर. म्हणजे थेट आमच्या आजोबांची खर्ची.

१८३१ च्या ऑक्टोबरात विणकरांनी किमान मजुरीचा तक्ता मागितला. प्रिफेक्ट बुव्हिए-द्युमोलार (आपला कलेक्टर समजा) याने दोन्ही बाजूंना बसवून तक्ता ठरवलाही. पण बऱ्याच व्यापाऱ्यांनी तो पाळायला नकार दिला आणि पॅरिसच्या सरकारने त्यांचीच बाजू घेतली. कारण सांगितलं ते कायद्याचं: मजुरी हा दोन माणसांमधला खासगी करार, त्यात तिसऱ्याने पडायचं नाही. २१ नोव्हेंबरला विणकर टेकडी उतरून खाली आले. काळ्या निशाणावर लिहिलं होतं, ‘काम करून जगू, नाहीतर लढून मरू’. दोन दिवसांत अख्खं शहर त्यांच्या ताब्यात. पुढे काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. लूट झाली नाही, उलट पहारे बसवले गेले. डिसेंबरात राजपुत्र आणि मार्शल सूल्त वीस हजार सैन्य घेऊन आले, तक्ता रद्द झाला, बिचाऱ्या प्रिफेक्टची नोकरी गेली. १८३४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उठाव झाला, तो याहून रक्तरंजित.

आता मूळ प्रश्न. २०२३ मध्ये सरकारने पेन्शनचं वय ६२ वरून ६४ करायचं ठरवलं. आठही मोठ्या युनियन एकत्र आल्या. १९ जानेवारी ते ६ जून या काळात देशभर १४ वेळा बंद आणि मोर्चे झाले. ७ मार्चला रस्त्यावर सरकारी आकड्याने जवळपास तेरा लाख लोक होते, सेजेते या युनियनच्या आकड्याने पस्तीस लाख. (दोन आकड्यांतली ही दरी इथली राष्ट्रीय परंपरा आहे.) ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मुलगा दर वेळी संपावर जायचा. विचारलं, कुठल्या युनियनचा तू? तो म्हणाला, कुठल्याच नाही. आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलंय की मत द्यायला तू कुठल्या पक्षाचा सभासद आहेस.

फ्रान्समध्ये युनियनचे सभासद दहात एक. युरोपातल्या सगळ्यात कमी प्रमाणांपैकी एक. तरीही युनियनने केलेले करार नव्वद टक्क्यांहून जास्त नोकरदारांना लागू होतात. हे कसं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा, मीही जमेल तसं लिहीन.

अर्धा_चहा | ३० एप्रिल, संध्याकाळी ६:३२

पहिला! वाचतोय. छत चार मीटर उंच म्हणजे पंखा कसा लावता?

धोटेवाला | ३० एप्रिल, संध्याकाळी ६:४०

पंखा नाहीच. मधे लाकडी माळा टाकलाय, त्यावर झोपतो. विणकरही तेच करायचे, खाली माग आणि वर बिऱ्हाड.

शंकासूर | ३० एप्रिल, रात्री ८:०५

चांगला धागा. तुमच्या कोड्याचं अर्धं उत्तर तुमच्याच गोष्टीत आहे, पण त्यासाठी १७९१ पर्यंत मागे जावं लागेल.

फ्रेंच राज्यक्रांतीने कामगाराला काय दिलं, तर बंदी. मार्च १७९१ च्या कायद्याने जुन्या कारागीर-श्रेणी मोडल्या, ते ठीकच होतं. पण जूनमध्ये ले शापलिये याचा कायदा आला: एकाच धंद्यातल्या लोकांनी ‘तथाकथित सामाईक हिता’साठी एकत्र यायचंच नाही. नागरिक आणि राज्य यांच्यामध्ये कुणी मध्यस्थ नको, हा क्रांतीचा सिद्धांत. मालक-कामगार दोघांनाही तो लागू, म्हणजे कागदावर समता. चार मालक एका टेबलाभोवती जेवायला बसले तर कोण पकडणार, हे वेगळं.

नेपोलियनने त्यावर कडी केली. १८०३ पासून प्रत्येक कामगाराकडे एक पुस्तिका, ‘लिव्हरे’. नोकरीला लागताना ती मालकाकडे द्यायची, सोडताना त्याच्या शेऱ्यासकट परत घ्यायची. उचल घेतली असेल तर तीही त्यात नोंदलेली. पुस्तिकेशिवाय रस्त्यात सापडलात तर भटके म्हणून अटक. नागरी संहितेचं कलम १७८१ तर वाचण्यासारखं: मजुरीवरून वाद झाला तर मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा. बस्स. हे कलम १८६८ मध्ये गेलं, पुस्तिका १८९० मध्ये.

आता मुद्दा. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, मे १८६४ मध्ये संप करणं हा गुन्हा राहिला नाही. युनियनला कायदेशीर मान्यता कधी? २१ मार्च १८८४, वाल्देक-रूसोचा कायदा. म्हणजे वीस वर्षं अशी होती की संप करायला परवानगी, संघटना करायला मात्र नाही. ब्रिटनमध्ये युनियन आधी, मग तिने केलेले संप. इथे क्रम उलटा.

तिसरी_पाळी | ३० एप्रिल, रात्री ८:५०

शंकासूर, हे भारी सांगितलंत.

संपाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात? मोर्च्याच्या बातम्यांत ‘ग्रेव्ह’ ऐकलंय.

धोटेवाला | ३० एप्रिल, रात्री ९:०२

हो, ग्रेव्ह. आणि त्याची व्युत्पत्ती मराठी माणसाला लगेच कळेल अशी आहे. पॅरिसच्या नगरपालिकेसमोर सेन नदीच्या काठी एक चौक होता, प्लास द ग्रेव्ह. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठची रेती-वाळू. सकाळी मजूर तिथे उभे राहायचे, मुकादम यायचा, हवी तेवढी माणसं उचलून न्यायचा. थोडक्यात, नाका. ‘ग्रेव्ह करणे’ याचा जुना अर्थ नाक्यावर कामासाठी उभं राहणं. काम मिळवायला उभे राहणारे पुढे काम नाकारून उभे राहू लागले आणि शब्द तोच राहिला.

(चौकाचं नाव १८०३ मध्ये बदललं. शिरच्छेदही तिथेच व्हायचे. मजुरांना सकाळी काम मिळालं नाही तर निदान तमाशा तरी.)

कोथरूडचा_साहेब | ३० एप्रिल, रात्री ९:४८

इतिहास रंजक आहे, पण जरा वर्तमानात येऊ. मी वीस वर्षं एचआरमध्ये काढली आहेत, त्यामुळे माझा चष्मा वेगळा. दहा टक्के सभासद असलेल्या संघटनेने शंभर टक्के लोकांच्या वतीने करार करायचा, ही कुठली लोकशाही? नव्वद टक्के लोक वर्गणी न भरता फायदा घेतात, त्याला आम्ही फुकटेपणा म्हणतो. आणि सभासद नसताना संप? मग मालकाने बोलायचं तरी कुणाशी?

शंकासूर | ३० एप्रिल, रात्री १०:२०

साहेब, प्रश्न रास्त आहे. एकेक घेऊ.

संपाचा हक्क: १९४६ च्या घटनेच्या प्रस्तावनेत तो आला आणि आजही लागू आहे. तिथल्या न्यायालयांनी त्याचा अर्थ असा लावला की हक्क व्यक्तीचा, वापर सामूहिक. खासगी कंपनीत किमान दोघांनी मिळून, कामाशी संबंधित मागणी मालकाला कळवून काम थांबवलं की झाला संप. युनियनची सही लागत नाही, आगाऊ नोटिसही लागत नाही. जर्मनीत याच्या उलट, तिथे संप युनियननेच पुकारावा लागतो. सरकारी आणि सार्वजनिक सेवांत मात्र १९६३ पासून पाच दिवसांची नोटिस आणि तीही मान्यताप्राप्त युनियनची. खाणकामगारांच्या मोठ्या संपानंतर हा कायदा झाला.

पगार कापला जातो, हे विसरू नका. बहुतेक युनियनकडे संपनिधी नाही, सेएफदेते हा ठळक अपवाद. त्यामुळे तिथले संप एकेक दिवसाचे आणि पुन्हा पुन्हा. धोटेवाल्यांचा शेजारी दर वेळी एका दिवसाचा पगार घालवून रस्त्यावर जात होता, त्याला फुकटा म्हणणं जड जाईल.

करार: २४ जून १९३६ चा कायदा. एखाद्या धंद्यातल्या प्रातिनिधिक युनियन आणि मालकसंघ यांचा करार झाला की कामगारमंत्री आदेश काढून तो त्या धंद्यातल्या सगळ्यांना लावू शकतो, सही न केलेल्या मालकांनाही. ल्योंच्या विणकरांना १८३१ मध्ये हवा होता तो तक्ता हाच. मिळायला १०५ वर्षं लागली.

तिसरी_पाळी | ३० एप्रिल, रात्री १०:४१

हे वाचून गप्प बसवत नाही. माझे वडील लालबागच्या गिरणीत, साच्यात (स्पिनिंगमध्ये). आमच्याकडे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा होता. एका धंद्यात, एका भागात, एकच प्रातिनिधिक युनियन. गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, पण कायद्याच्या लेखी मालकांशी बोलायचा हक्क त्यांच्या युनियनला नव्हताच. माणसं एकीकडे, शिक्का दुसरीकडे. वडील म्हणायचे, आमचा संप मालकाने नाही, शिक्क्याने मोडला. पूर्ण खरं नसेलही ते. पण फ्रान्समध्ये असते तर निदान संप बेकायदा ठरला नसता, एवढं आज कळलं.

खडूस_काकू | ३० एप्रिल, रात्री ११:१५

चाळीस प्रतिसाद होतील आणि एकाही बाईचं नाव येणार नाही असं दिसतंय, म्हणून मीच आणते.

धोटेवाला, तुमच्याच ल्योंमधली गोष्ट, १९१३. एम्मा कूरियो, छापखान्यात खिळे जुळवणारी. पुरुषांइतकीच मजुरी घेऊन काम करत होती. तिने छपाई कामगारांच्या युनियनकडे सभासदत्व मागितलं. युनियनने नाकारलं आणि वर तिच्या नवऱ्यालाच काढून टाकलं, कारण काय तर त्याने बायकोला हे काम करण्यापासून रोखलं नाही! कामगारांची एकी ती हीच. देशभर गाजलं प्रकरण.

दुसरी गोष्ट ब्रिटनीतल्या दुआर्नने बंदराची. सार्डिन मासळी डब्यात भरायचे कारखाने. मासळी आली की रात्री-अपरात्री बायकांना हाक, संपेपर्यंत उभ्याने काम, तासाला ८० सांतीम (शंभर सांतीमचा एक फ्रँक). नोव्हेंबर १९२४ मध्ये त्यांनी संप केला, मागणी सव्वा फ्रँकची. सहा आठवडे चालला. मालकांनी संपफोड्या गुंडांना आणलं, त्यांनी गावच्या कम्युनिस्ट महापौरावरच गोळ्या झाडल्या (तो वाचला), त्यानंतर मालक नरमले. एक फ्रँक मिळाला. आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यातली जोझेफिन पांकाले गावच्या नगरपालिकेवर निवडून आली. फ्रान्समध्ये बायकांना मतदानाचा हक्क १९४४ मध्ये मिळाला. म्हणजे जिला मत देता येत नव्हतं ती निवडून आली. अर्थातच वरच्या न्यायपीठाने निवड रद्द केली. काही महिने मात्र बसली ती सभागृहात.

अर्धा_चहा | ३० एप्रिल, रात्री ११:२१

काकू, दंडवत. नावात खडूस असलं तरी चालेल, लिहीत राहा.

धोटेवाला | १ मे, दुपारी १:३०

रात्री झोपलो होतो. काकू, कूरियो माहीत नव्हत्या, आभार.

आज १ मे आहे म्हणून फूर्मीबद्दल. १८८९ मध्ये पॅरिसला जमलेल्या समाजवाद्यांनी ठरवलं की पुढच्या वर्षीच्या १ मे रोजी जगभर आठ तासांच्या दिवसासाठी निदर्शनं करायची. १८९१ चा १ मे. उत्तर फ्रान्समधलं फूर्मी, लोकरीच्या आणि सुताच्या गिरण्यांचं गाव. सकाळी काही जणांना पकडलं. संध्याकाळी पोरं-पोरी ‘आमची माणसं सोडा’ म्हणत चौकात आली. सैन्याकडे नवी कोरी लबेल रायफल होती. नऊ जण मेले, त्यांतले बरेच विशीच्या आतले. मारिया ब्लोंदो, वय १८, सूतगिरणीत कामाला. हातात फुलांची फांदी घेऊन पुढे चालत होती. पुढे खटला भरला तो गोळी झाडणाऱ्यांवर नाही, तर पॉल लाफार्ग या समाजवादी पुढाऱ्यावर (मार्क्सचा जावई), भाषण करून चिथावल्याबद्दल. शिक्षा झाली. मग लीलच्या मतदारांनी त्याला तुरुंगातूनच खासदार केलं.

युनियनचं म्हणाल तर तोवर ‘बूर्स द्यु त्राव्हाय’ सुरू झाली होती, पॅरिसला १८८७ मध्ये. नगरपालिकेने दिलेली इमारत: आत काम शोधायची सोय, वाचनालय, रात्रीचे वर्ग, संप असेल तर रस्सा-भाकरी. आपल्याकडे कामगार कल्याण केंद्रं होती तसं काहीसं, फक्त चालवणारे कामगार स्वतः. फेर्नां पेलूतिये हा क्षयाने पोखरलेला पत्रकार हे सगळं जोडत फिरला आणि १९०१ मध्ये तेहेतिसाव्या वर्षी गेला. मला या सगळ्या इतिहासात तोच सर्वांत जवळचा वाटतो. तो म्हणायचा, क्रांती वगैरे होईल तेव्हा होईल, आधी कामगाराला त्याच्या दुःखाचं शास्त्र शिकवू.

सेजेतेची स्थापना १८९५, लिमोझला. बूर्स तिच्यात विलीन झाल्या १९०२ मध्ये.

शंकासूर | १ मे, दुपारी २:१५

आणि १९०६. ते वर्ष सोडून चालणार नाही.

१० मार्च १९०६, कुरियेरच्या कोळसा खाणीत स्फोट. १,०९९ मृत्यू, त्यांत कोवळी मुलंही. युरोपातली सर्वांत मोठी खाणदुर्घटना. शोधकार्य लवकर थांबवलं. २० दिवसांनी, ३० मार्चला, १३ खाणकामगार आपले आपण चालत बाहेर आले. अंधारात, मेलेल्यांच्या डब्यातली भाकरी आणि सडका घोडा खाऊन जगलेले. आणखी एक जण त्यानंतर पाच दिवसांनी. मग लोकांनी विचारलं, शोध चालू ठेवला असता तर आणखी किती? अख्खं खोरं संपावर होतं. गृहमंत्री क्लेमांसोने सैन्य पाठवलं.

त्याच जुलैमध्ये आठवड्याच्या सुटीचा कायदा झाला. आणि ऑक्टोबरात अमियांच्या अधिवेशनात सेजेतेने ८३० विरुद्ध ८ मतांनी ठराव केला, तो ‘अमियांची सनद’. युनियन कुठल्याही पक्षाची नाही. सभासदाने बाहेर हवं ते राजकारण करावं, आत आणू नये. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी युनियनच्या पोटातून निघालेला पक्ष मजूर पक्ष हे नाव लावून संसदेत बसला, फ्रान्सने नेमकी उलटी वाट धरली. त्यामुळे पक्षाची यंत्रणा नाही, वर्गणीची शिस्त नाही, पण रस्त्यावर यायला कुणाची परवानगीही नाही.

तिसरी_पाळी | १ मे, दुपारी २:३८

थांबा थांबा. आठवड्याची सुटी १९०६ मध्ये? आमच्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी १० जून १८९० ला मिळवली होती! सोळा वर्षं आधी!

शंकासूर | १ मे, दुपारी ३:००

अभिमान बरोबर, पण तुलना जपून. लोखंड्यांनी मिळवला तो गिरणीमालकांचा निर्णय, देशाचा कायदा नव्हे. आणि फ्रान्समध्ये १८१४ पासून रविवारचा कायदा होताच, राजाने चर्चसाठी केलेला. १८८० मध्ये प्रजासत्ताकवाद्यांनी धर्माचं लोढणं म्हणून तो काढून टाकला. पाद्री हटले आणि रविवारही गेला. तो परत मिळवायला २६ वर्षं लागली.

पाँडीचा_पाहुणा | १ मे, संध्याकाळी ४:१०

नोकरीनिमित्त पुदुच्चेरीत आहे म्हणून भर घालतो. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये लेओं ब्लूमचं पॉप्युलर फ्रंट (डाव्या पक्षांची आघाडी) सरकार आलं. ते आलं तेव्हा देशभर कारखान्यांत कामगार ठाण मांडून बसले होते. ७ जूनच्या रात्री मालक आणि युनियन यांच्यात मातिन्यों करार, मग पंधरा दिवसांची पगारी रजा आणि ४० तासांचा आठवडा. हे सगळे सांगतात.

पण त्याच फ्रान्सच्या राज्यात, त्याच सरकारच्या काळात, ३० जुलै १९३६ ला पाँडिचेरीच्या सवाना गिरणीत काय झालं? आठ तासांचा दिवस आणि युनियनचा हक्क मागत कामगार गिरणीत बसले होते, पॅरिसवाल्यांसारखेच. पोलिसांनी गोळीबार केला. १२ कामगार ठार. पुढारी व्ही. सुब्बय्या. त्यांनी हा प्रश्न थेट पॅरिसपर्यंत नेला आणि एप्रिल १९३७ मध्ये फ्रेंच भारतासाठी कामगार कायदा जाहीर झाला, त्यात आठ तासांचा दिवस आणि युनियनचा हक्क. आशियात आठ तास सर्वांत आधी आम्हाला मिळाले असं इथले लोक अभिमानाने सांगतात. ३० जुलैला अजूनही हुतात्म्यांना हार घातले जातात. बंद गिरण्यांचे सांगाडे मात्र बघवत नाहीत.

तिसरी_पाळी | १ मे, संध्याकाळी ४:२५

शाळेत असताना पाँडिचेरी म्हणजे अरविंदाश्रम, एवढंच शिकवलं. आभार दादा.

कोथरूडचा_साहेब | १ मे, संध्याकाळी ५:३०

सगळं वाचलं. माहिती नवी आहे, मान्य. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून अर्धंच. ‘प्रातिनिधिक’ कोण, हे कोण ठरवतं? आणि एवढी एकी असेल तर आठ-आठ युनियन कशाला?

धोटेवाला | १ मे, संध्याकाळी ७:१५

साहेब, एकी नाहीच, तीच तर गंमत. फुटीचा हिशेब असा: १९२१ मध्ये रशियन क्रांतीवरून सेजेते फुटली, १९३६ मध्ये जुळली. १९४७ च्या संपांच्या धामधुमीत कम्युनिस्टांना कंटाळून सेजेतेचे जुने पुढारी लेओं जुओ वगैरे मंडळी बाहेर पडली, ती फोर्स उव्रिएर. तिला अमेरिकन युनियनवाल्यांकडून इरविंग ब्राउनच्या हातून पैसा आला, शीतयुद्धाचे दिवस. (जुओंना १९५१ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. हेच जुओ १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत होते आणि भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे आपले ना. म. जोशी होते.) कॅथलिक कामगारांची सेएफतेसे १९१९ ची. तिच्यातल्या बहुसंख्यांनी १९६४ मध्ये ‘ख्रिस्ती’ शब्द गाळला आणि सेएफदेते झाली. आज तीच सर्वांत मोठी आहे, सेजेते दुसरी. बाकीच्यांची नावं सांगत बसत नाही.

प्रातिनिधिक कोण, हे १९६६ पासून सरकारने ठरवून टाकलं होतं: पाच संघटना, कायमच्या. त्या पाचांपैकी एकीने सही केली तरी करार झाला. तिसऱ्या पाळीवाल्यांचा शिक्काच, फक्त पाच जणांच्या हातात. २००८ मध्ये हे बदललं. आता कामाच्या जागी निवडणूक होते, सभासद असो-नसो सगळे मत देतात, कंपनीत १० टक्के मतं मिळाली तरच युनियन प्रातिनिधिक. म्हणजे वजन वर्गणीवर नाही, मतांवर. तुमच्या पारड्यातही एक टाकतो: अगदी लहान आस्थापनांसाठीच्या २०२१ च्या निवडणुकीत मतदान झालं ५.४ टक्के. जिथे युनियनची सर्वांत गरज, तिथेच ती कुणाला माहीत नाही.

अजून एक, ज्यामुळे माझं कोडं मला सुटल्यासारखं वाटलं. १९४५ मध्ये सेक्युरिते सोसियाल, म्हणजे सामाजिक सुरक्षा योजना, उभी राहिली. मंत्री आंब्रुआझ क्रुआझा, स्वतः धातुकामगार, वयाच्या तेराव्या वर्षी कामाला लागलेला. आजारपण, पेन्शन यांचा निधी चालवणाऱ्या मंडळांत तीन चतुर्थांश जागा कामगार प्रतिनिधींच्या, हे १९६७ पर्यंत. त्यामुळे पेन्शनला हात लावला की इथल्या माणसाला वाटतं की सरकार आपल्याच पेटीतले पैसे मोजतंय. १९९५ च्या डिसेंबरात पंतप्रधान ज्यूपे यांच्या सरकारला रेल्वेचं पेन्शन सोडावं लागलं ते त्यामुळेच. २०२३ मध्ये मात्र सरकारने संसदेत मतदान न घेता कलम ४९.३ वापरून कायदा रेटला. एवढे मोर्चे, आणि हरले. माझा शेजारी बारा-तेरा दिवसांचा पगार घालवून हरला. विचारलं तर म्हणाला, पुढच्या वेळी घाबरतील.

खडूस_काकू | १ मे, रात्री ८:००

आणि १९६८? सगळे पॅरिसच्या विद्यार्थ्यांचे दगडच सांगतात.

शंकासूर | १ मे, रात्री ८:४४

काकू, १९६८ मध्ये विद्यार्थ्यांपेक्षा कामगार कितीतरी पट जास्त होते. १४ मे ला नांतजवळच्या विमान कारखान्यात कामगारांनी ठाण मांडलं आणि दहा दिवसांत सत्तर लाखांहून जास्त माणसं संपावर. पुन्हा तेच: वरून कुणी पुकारलेला संप नव्हे. २७ मे ला सरकार, मालक आणि युनियन यांची ग्रनेलची बोलणी संपली, किमान वेतन ३५ टक्क्यांनी वाढलं. सेजेतेचे झॉर्झ सेगी हे घेऊन रेनोच्या बियांकूर कारखान्यात गेले, तर कामगारांनी हुर्यो उडवली. काम लगेच सुरू झालं नाही.

पण माझ्या मते मोठी कमाई वेगळी, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. २७ डिसेंबर १९६८ चा कायदा: युनियनला कंपनीच्या आवारात शाखा काढता येईल, फलक लावता येईल, वर्गणी गोळा करता येईल. १८८४ मध्ये कायदेशीर झालेल्या युनियनला कारखान्याच्या फाटकाच्या आत हक्काने पाय टाकायला ८४ वर्षं लागली. सभासद दहा टक्के का, याचं माझं उत्तर हे आहे. ती वाढली फाटकाबाहेर, चौकात.

कोथरूडचा_साहेब | १ मे, रात्री ९:१०

हा मुद्दा पटला. फुकटे हा शब्द मागे घेतो. तरी कंपनीच्या नजरेतून नोटिसेशिवाय संप म्हणजे डोकेदुखी, हे माझं मत कायम!

अर्धा_चहा | १ मे, रात्री ९:१४

साहेबांनी शब्द मागे घेतला. या धाग्याचा मातिन्यों करार झाला.

धोटेवाला, आज मोर्च्याला गेला होता का ते सांगितलं नाहीत.

धोटेवाला | १ मे, रात्री १०:०५

गेलो होतो, सकाळी. १ मे ला ल्योंमध्ये मेट्रो, ट्राम, बस सगळंच बंद असतं, त्यामुळे टेकडीवरून पायऱ्या उतरून चालत. कोपऱ्याकोपऱ्यावर पोरं म्युगे विकत उभी, पांढऱ्या घंट्यांसारखी फुलं. आज कुणीही परवान्याशिवाय विकू शकतो. मोर्च्यात पूर्वी लाल रानगुलाब लावायचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या पेतांच्या राजवटीने युनियन मोडल्या, १ मे ला मात्र सरकारी सण केलं आणि लाल फुलाच्या जागी हे पांढरं पुढे केलं. मला हे माहीत होतं, तरी एक जुडी घेतली. शेजारचा मुलगा सोबत होता, त्याने घेतली नाही.